पोटॅशियम पाण्यात पेटतं, मग पोटॅशची गोणी का पेटत नाही?

रावेर तालुक्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सगळ्यांच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. तरी पाण्यात टाकल्यावर लिथियम नुसतं फसफसतं, सोडियम पळत सुटतं आणि पोटॅशियम लगेच पेट घेतं, असं का? पुस्तकातल्या तक्त्यात तर लिथियमचं विद्युतअग्र विभव (धातूचा इलेक्ट्रॉन देण्याकडे किती कल आहे ते व्होल्टमध्ये सांगणारा आकडा) सगळ्यांत जास्त ऋण दिलंय. मग तेच सगळ्यांत क्रियाशील असायला नको का? आणि वडील केळीला ठिबकमधून पोटॅश सोडतात, ते तर पाण्यातच विरघळवतात. त्याला काहीच कसं होत नाही?"

प्रश्न तीन आहेत, पण तिन्ही एकाच गाठीत अडकलेत. मी पोटॅशपासून सुरुवात करतो, कारण ते सुटलं की पुढचं निम्मं काम झालं.

पोटॅशियमचा अणू म्हणजे केंद्रकात १९ प्रोटॉन आणि बाहेर १९ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, ८, १. तुमच्या शेडमधल्या गोणीतलं लाल किंवा पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातल्या पोटॅशियमकडे प्रोटॉन १९च आहेत, पण इलेक्ट्रॉन १८. शेवटच्या कवचातला तो एकटा इलेक्ट्रॉन आधीच गेलेला आहे, क्लोरीनकडे. म्हणजे गोणीत पोटॅशियमचा अणू नाहीच, आयन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून धन प्रभार आलेला कण. झिरो-झिरो-पन्नास हे विद्राव्य खत घेतलंत तर क्लोराइडच्या जागी सल्फेट येतं, पोटॅशियम मात्र तेच, आयनाच्या रूपातलं. पाण्याशी जी झटापट व्हायची ती त्या एका इलेक्ट्रॉनवरून होते. तोच नसेल तर पाण्याला घेण्यासारखं काही उरत नाही. आयन पाण्यात शांतपणे विरघळतो, व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) नळीत जातो, मुळांतून झाडात जातो आणि शेवटी घडात उतरतो. पिकलेल्या केळाच्या १०० ग्रॅम गरात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तेवढंच पोटॅशियम धातूच्या रूपात पाण्यात पडलं तर जांभळट ज्योत उठेल आणि तडतडून थेंब उडतील. केळात असलेलं आपण रोज खातो. मूलद्रव्य एकच, केंद्रक एकच. फरक एका इलेक्ट्रॉनचा.

म्हणूनच पोटॅशियम धातू निसर्गात कुठेही सापडत नाही. माणसाने तो पहिल्यांदा पाहिला १८०७ मध्ये. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने किंचित ओलसर कॉस्टिक पोटॅशमधून मोठ्या बॅटरीचा प्रवाह सोडला, तेव्हा ऋण टोकाशी चकाकणारे बारीक गोळे जमले आणि त्यातले काही तिथल्या तिथे पेटले. काही दिवसांतच त्याने कॉस्टिक सोड्यातून सोडियमही काढलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घे. आयनाला त्याचा गेलेला इलेक्ट्रॉन परत द्यायला बॅटरी लागली, म्हणजे ऊर्जा ओतावी लागली. धातू पाण्यात पडल्यावर जी ऊर्जा भसकन बाहेर येते ती हीच, आधी ओतलेली.

घरी सोडियम-पोटॅशियम धातूचा प्रयोग करता येत नाही आणि करायचाही नाही. पण पोटॅशियमच्या एका क्षाराची खूण घरी बघता येते. भरितासाठी वांगी भाजायला पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवता ना, तिची पांढरी राख गार झाल्यावर दोन-तीन चमचे घे, पेलाभर पाण्यात ढवळ आणि निवळू दे. वरचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. कागदावर हळदीचं पाणी लावून तो वाळव आणि त्यावर या निवळीचा थेंब टाक. पिवळ्याचा लालसर तपकिरी डाग होतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी आहे, म्हणून हळद रंग बदलते. नंतर हात स्वच्छ धुवायचे.

आता मूळ प्रश्न. एकच इलेक्ट्रॉन असूनही वागणं वेगळं का?

रुदरफोर्डने १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी केंद्रक असल्याचं मांडलं. अणूचा जवळजवळ सगळा भार आणि सगळा धन प्रभार त्या सूक्ष्म जागेत असतो आणि बाकी पसारा इलेक्ट्रॉनांचा. लिथियममध्ये ३ प्रोटॉन, सोडियममध्ये ११, पोटॅशियममध्ये १९, रुबिडियममध्ये ३७, सिझियममध्ये ५५. नुसते प्रोटॉन मोजले तर सिझियमने आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्यांत घट्ट धरायला हवा. प्रत्यक्षात तो सगळ्यांत सैल असतो, कारण बाहेरच्या इलेक्ट्रॉनला सगळे प्रोटॉन 'दिसत' नाहीत. मधल्या कवचांतले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या ओढीचा बराचसा भाग झाकून टाकतात. स्लेटरचे ढोबळ नियम वापरून हिशेब केला, तर लिथियमच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा परिणामी प्रभार १.३ येतो, सोडियमच्या २.२ आणि पोटॅशियमच्याही २.२. सोडियमहून आठ प्रोटॉन जास्त असूनही पोटॅशियमचा आकडा वाढत नाही, कारण वाढलेल्या आठ इलेक्ट्रॉनांचं आवरण तेवढीच ओढ झाकून टाकतं.

ओढणारा प्रभार फारसा बदलत नाही, पण अंतर वाढत जातं. धातूतली अणुत्रिज्या लिथियमची १५२ पिकोमीटर, सोडियमची १८६, पोटॅशियमची २२७, सिझियमची २६५. म्हणून इलेक्ट्रॉन ओढून काढायचा खर्च, म्हणजे पहिली आयनन ऊर्जा, उतरत जाते: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६ किलोज्यूल प्रति मोल. लिथियमचा १.३ हा आकडा लहान असूनही त्याची आयनन ऊर्जा सगळ्यांत जास्त आहे, कारण त्याचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच कवचात, केंद्रकाच्या जवळ बसलेला आहे.

कवचं खरोखर असतात, ती कुणी सोयीसाठी काढलेली वर्तुळं नाहीत, हेही याच आकड्यांतून दिसतं. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात, दुसरा काढायला ४,५६२. एकदम नऊपट. पहिला तिसऱ्या कवचातला, एकटा आणि लांबचा होता. दुसरा आतल्या कवचातून काढावा लागतो, जिथे केंद्रकाची ओढ फार कमी झाकलेली असते. पोटॅशियमचंही तसंच, ४१९ नंतर थेट ३,०५२. म्हणून हे धातू एक इलेक्ट्रॉन देतात आणि तिथेच थांबतात. '२, ८, ८, १' ही मांडणी मुलं पाठ करतात. मी वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून मांडणी मुलांनाच काढायला लावतो, मग ती सहसा विसरत नाहीत.

इथे मला एका वाक्याबद्दल ठामपणे बोलायचं आहे. 'सोडियमला अष्टक (शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करून स्थिर व्हायचं असतं, म्हणून ते इलेक्ट्रॉन देतं.' गाईडांत हे असतं, शिकवणीत हे असतं आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं हेच लिहितात. अणूला काही व्हायचं नसतं. एकट्या सोडियम अणूला इलेक्ट्रॉन टाकून देण्यात काहीही फायदा नाही, उलट त्यासाठी ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. निर्वात पोकळीत सोडियमचा एकटा अणू ठेवला तर तो युगानुयुगं इलेक्ट्रॉन धरून बसेल. 'स्थिर होतो म्हणून देतो' असं म्हटलं की तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाटच बंद होते, कारण मग लिथियमचं कोडं कधीच सुटत नाही. इलेक्ट्रॉन जातो तो समोर काहीतरी असतं म्हणून. इथे समोर पाणी आहे.

पाण्याकडून परतफेड दोन प्रकारे होते. एक, पाणी तो इलेक्ट्रॉन घेतं आणि त्यातून हायड्रोजन वायू आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. धातू कुठलाही असो, या भागातून मिळणारी ऊर्जा सारखीच, सुमारे ३८० किलोज्यूल प्रति मोल. दोन, मागे राहिलेल्या धातूच्या आयनाला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी वेढतात, त्यांची ऑक्सिजनची ऋण बाजू आयनाकडे वळलेली असते. याला जलयोजन म्हणतात आणि यातही ऊर्जा सुटते. आयन जितका लहान, तितके पाण्याचे रेणू त्याच्या जवळ जातात आणि तितकी ऊर्जा जास्त. लिथियमचा आयन सगळ्यांत लहान, म्हणून त्याला सुमारे ५२० मिळतात, सोडियमला ४०६, पोटॅशियमला ३२२.

तुझ्या घरी शेती आहे, म्हणून हा हिशेब शेतीच्या भाषेत मांडतो. आधी भांडवल घालावं लागतं, उत्पन्न मागून येतं. भांडवलाचे दोन भाग आहेत. धातूच्या घट्ट गोळ्यातून एकेक अणू सुटा करायचा आणि मग त्याचा इलेक्ट्रॉन काढायचा. लिथियमला अणू सुटा करायला १५९ आणि इलेक्ट्रॉन काढायला ५२०, मिळून ६७९. सोडियमला १०७ अधिक ४९६, मिळून ६०३. पोटॅशियमला ८९ अधिक ४१९, मिळून ५०८. आता जलयोजनाच्या उत्पन्नात पाण्याने इलेक्ट्रॉन घेतल्याचे ३८० जमा कर आणि त्यातून हे भांडवल वजा कर. लिथियमला निव्वळ सुमारे २२० किलोज्यूल सुटतात, सोडियमला सुमारे १८४, पोटॅशियमला सुमारे १९५. सगळ्यांत जास्त नफा लिथियमचा. पण त्याच्या पेरणीला भांडवलही सगळ्यांत जास्त लागतं, म्हणून पीक सावकाश येतं. पोटॅशियमला भांडवल कमी, पीक हातोहात.

आता तक्त्यातलं प्रमाण विद्युतअग्र विभव बघ: लिथियम उणे ३.०४ व्होल्ट, पोटॅशियम उणे २.९३, सोडियम उणे २.७१. वरच्या नफ्याचा क्रम आणि हा क्रम एकच आहे, लिथियम, पोटॅशियम, सोडियम. म्हणजे पुस्तकातला तक्ता चुकीचा नाही आणि पाण्यात जे दिसतं तेही चुकीचं नाही. विभव सांगतं की शेवटी पदरात किती पडणार. ते किती लवकर पडणार, हे विभव सांगत नाही. परीक्षानळीत डोळ्यांना जी 'क्रियाशीलता' दिसते ती मुख्यतः वेगाची असते, आणि वेग ठरतो वाटेतल्या चढावर.

एक खुलासा इथे करायलाच हवा, नाहीतर पुढे बी.एस्सी.ला गेल्यावर गोंधळ होईल. पाण्यात पडलेला धातू आधी वाफ होतो, मग आयन होतो, मग पाण्यात शिरतो, असं प्रत्यक्षात घडत नाही. ५०८ आणि ६७९ हे आकडे म्हणजे हिशेबासाठी निवडलेला रस्ता. ऊर्जा कुठल्याही वाटेने मोजली तरी शेवटची बेरीज तीच येते, म्हणून तो चालतो. खरा अडसर यापेक्षा बराच लहान असतो. पण ज्या धातूचे अणू एकमेकांना घट्ट धरून आहेत आणि ज्याचा इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ आहे, त्याला सुरुवात जड जाते, हा कल खरा आहे.

लिथियमला मागे खेचणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, आणि प्रयोगशाळेत त्याच जास्त जाणवतात. लिथियमचा द्रवणांक १८०.५ अंश सेल्सिअस. सोडियमचा ९७.८, पोटॅशियमचा ६३.५. भोवती पाणी असल्यामुळे तापमान शंभराच्या आसपास अडकतं. सोडियम आणि पोटॅशियम तेवढ्या उष्णतेत वितळून गोळी होतात, त्यांचा पृष्ठभाग सतत हलता आणि नवा राहतो. लिथियमचा तुकडा मात्र घट्टच राहतो. शिवाय लिथियम हायड्रॉक्साइड हे सोडियम-पोटॅशियमच्या हायड्रॉक्साइडपेक्षा पाण्यात बरंच कमी विरघळतं, त्यामुळे ते पृष्ठभागावरून चटकन निघून जात नाही.

सोडियम जवळून कसं दिसतं ते सांगतो, कारण बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत ते फक्त रॉकेलच्या बाटलीतून दिसतं. चिमट्याने तुकडा बाहेर काढून सुरीने कापला तर सुरी साबणातून जावी तशी जाते. कापलेली बाजू क्षणभर लख्ख रुपेरी असते आणि बघता बघता राखाडी पडते. पावसाळ्यात तर आणखीच झटकन. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा फिनॉल्फथॅलीन (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणारा दर्शक) घातलेल्या पाण्यावर सोडला की तो गोळी होतो आणि मागे गुलाबी रेघ ओढत पृष्ठभागभर धावतो. बहुतेक वेळा पेटत नाही, धावता धावता संपून जातो. तोच तुकडा पाण्यावर तरंगत्या गाळणकागदावर ठेवला, तर जागचा हलत नाही आणि थोड्याच वेळात पिवळ्या ज्योतीने पेटतो. धातू तोच, पाणी तेच. फक्त उष्णता पसरायच्या ऐवजी एका जागी साठली आणि हायड्रोजन पेटला. क्रियाशीलता अणूच्या रचनेवर ठरते हे खरं, पण डोळ्यांना काय दिसेल हे उष्णता कुठे जाते यावरही ठरतं. पोटॅशियमला कागद लागत नाही. ते पाण्याला टेकताच जांभळट ज्योत दिसते. त्यात सोडियमचा अंश असेल तर पिवळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो, म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून बघतात.

उष्णतेचा हिशेब ग्रॅममध्ये मांडला तर मुलं चकित होतात. एक ग्रॅम लिथियम पाण्याशी पूर्ण अभिक्रिया होताना सुमारे ३२ किलोज्यूल देतं, एक ग्रॅम सोडियम ८ आणि एक ग्रॅम पोटॅशियम ५. लिथियमचा अणू हलका, त्यामुळे एका ग्रॅमात अणू जास्त. म्हणजे सगळ्यांत 'गरीब' दिसणारा धातू वजनामागे सगळ्यांत जास्त ऊर्जा बाळगून आहे. मोबाइलच्या बॅटरीला लिथियम का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. आणि एका ग्रॅम सोडियमचे ८ किलोज्यूल कमी समजू नकोस. तेवढ्यात ३० अंशांचं सुमारे २७ ग्रॅम पाणी उकळीला येतं, शिवाय अर्धा लिटरहून थोडा जास्त हायड्रोजन सुटतो तो वेगळाच.

मोठा तुकडा टाकला की स्फोट का होतो? वर्षानुवर्षं उत्तर दिलं जायचं की हायड्रोजन पेटतो म्हणून. ते अपुरं आहे. तापलेल्या धातूभोवती वाफेचा आणि हायड्रोजनचा थर जमायला हवा, त्याने धातू आणि पाणी एकमेकांपासून वेगळे पडायला हवेत आणि अभिक्रिया मंदावायला हवी. तशी ती मंदावत का नाही? २०१५ मध्ये प्रागमधल्या पावेल युंगवर्थ, फिलिप मेसन आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. त्यांनी सोडियम-पोटॅशियमचं मिश्रधातू वापरलं, जे खोलीच्या तापमानाला द्रवच असतं. थेंब पाण्याला टेकल्यावर एक सहस्रांश सेकंद पूर्ण व्हायच्या आत त्यातून काट्यांसारखी टोकं सगळीकडे बाहेर पडली. इलेक्ट्रॉन धातूतून पाण्यात इतक्या झपाट्याने निघून जातात की पृष्ठभागावर नुसता धन प्रभार उरतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, पृष्ठभाग फाटतो, टोकं पाण्यात घुसतात आणि धातूची नवीकोरी बाजू एकदम पाण्यासमोर येते. वाफेचा थर जमायला वेळच मिळत नाही. बघ, स्फोटाच्या मुळाशीही तोच शेवटच्या कवचातला सैल इलेक्ट्रॉन आहे. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. दोनशे वर्षं वर्गावर्गात केल्या जाणाऱ्या प्रयोगात अजून काही बघायचं शिल्लक होतं.

क्रियाशीलता श्रेणी ही दगडावरची रेघ नाही, यासाठी एक उदाहरण देऊन पुढे जातो. कारखान्यात पोटॅशियम धातू काढायला वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडवर साधारण ८५० अंशांना सोडियमची वाफ सोडतात. सोडियम कमी क्रियाशील, तरी ते पोटॅशियमला बाहेर काढतं. कारण पोटॅशियम सोडियमपेक्षा लवकर उकळतं, त्याची वाफ सतत बाजूला काढून घेतली जाते आणि अभिक्रिया त्या बाजूला सरकत राहते. म्हणून कुणी 'कोण जास्त क्रियाशील' असं विचारलं की आधी विचारायचं, कशाबरोबर आणि कोणत्या परिस्थितीत? लिथियमचंच घे, या गणात (आवर्तसारणीच्या या उभ्या स्तंभात) साध्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावणारं तेच एक आहे. सोडियम-पोटॅशियमला ते जमत नाही.

द्रवणांक खाली खाली येत जातो, तो पुढे रुबिडियमला ३९.३ आणि सिझियमला २८.५ वर पोचतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हे दोन्ही आपल्याकडे बाटलीत द्रवच असतील. अणू मोठा, एकेका अणूने बंधासाठी दिलेला इलेक्ट्रॉन एकच आणि तोही लांब, म्हणून धातूची पकड ढिली. दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत, बुडतात, आणि हायड्रोजन पाण्याखालीच फुगतो. त्यामुळे भांडं फुटतं. सिझियमचा शोध बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० मध्ये आणि रुबिडियमचा १८६१ मध्ये लावला, तोही धातू हातात न घेता, ज्योतीच्या वर्णपटातल्या अनोळखी रेषांवरून.

बारावीच्या प्रात्यक्षिकात किंवा पुढे बी.एस्सी.ला लॅसेनची चाचणी (सेंद्रिय पदार्थ नळीत सोडियमबरोबर तापवून त्यातली मूलद्रव्यं ओळखण्याची) करताना सोडियम हातात येईल, म्हणून त्याबद्दल नेमकं सांगतो. तुकडा चिमट्यानेच उचलायचा, गाळणकागदात टिपून कोरडा करायचा, बोट लावायचं नाही. तापून लाल झालेली नळी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवतात तेव्हा आत न वापरलेलं सोडियम शिल्लक असू शकतं, म्हणून बशीवर लगेच तारेची जाळी धरायची आणि चष्मा डोळ्यांवरच ठेवायचा. आणि जे बहुतेक ठिकाणी सांगितलंच जात नाही ते हे: ज्या कागदावर सोडियम टिपलं, त्याला बारीक कण चिकटलेले असतात आणि तो रॉकेलने भिजलेला असतो. असा कागद ओल्या केरात टाकला तर केराची टोपली पेटते. तो आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचा. उरलेले तुकडेही तिथेच, एकेक करून, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ ज्योत नसताना. अल्कोहोल पाण्यापेक्षा हळू अभिक्रिया करतं. बुडबुडे पूर्ण थांबले की मगच पाणी घालायचं. बेसिनमध्ये सोडियम कधीच टाकायचं नाही. आग लागलीच तर कोरडी वाळू. पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामकही नाही, कारण पेटलेलं सोडियम कार्बन डायऑक्साइडशीही अभिक्रिया करतं.

पोटॅशियमची जुनी बाटली कपाटात सापडली आणि तुकड्यावर पिवळी-नारिंगी साय दिसली, तर ती उघडायची नाही, सुरी तर लावायचीच नाही. ती साय पोटॅशियम सुपरऑक्साइडची असते. कापताना ती खालच्या धातूवर आणि रॉकेलवर दाबली गेली तर स्फोट होऊ शकतो. हवेत लिथियम मुख्यतः साधं ऑक्साइड देतं, सोडियम पेरॉक्साइड आणि पोटॅशियम सुपरऑक्साइड. आयन मोठा होत जातो तसा तो मोठ्या ऋण आयनाबरोबर नीट रचला जातो, म्हणून हा फरक. लिथियम रॉकेलपेक्षाही हलकं असल्याने रॉकेलवर तरंगतं, त्याला जाड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवावं लागतं.

बोर्डाच्या पेपरात 'गणात खाली जाताना क्रियाशीलता का वाढते' असं आलं, तर आकाराने मोठा अणू, आतल्या कवचांचं आवरण, कमी होणारी आयनन ऊर्जा, या तीन गोष्टी आकड्यांसह लिही. लिथियमच्या विभवाचा प्रश्न आला तर त्याच्या लहान आयनाचं जलयोजन लिही. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरोधात नाहीत.

मग सगळ्यांत खालचं फ्रान्सियम सगळ्यांत भयंकर असेल का, असं आता तुझ्या मनात येईल, प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. १९३९ मध्ये मार्गारिट पेरे यांनी ते शोधलं. त्याच्या सगळ्यांत टिकाऊ समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटं आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसेल एवढा तुकडा कधी जमवताच आलेला नाही. पण त्याची आयनन ऊर्जा मोजली गेली आहे, आणि ती सुमारे ३९३ किलोज्यूल आहे, म्हणजे सिझियमच्या ३७६ पेक्षा जास्त. ८७ प्रोटॉनांच्या ओढीत बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉनसुद्धा केंद्रकाजवळून जाताना इतक्या प्रचंड वेगाने जातो की सापेक्षतेचा परिणाम जाणवू लागतो, कवच थोडं आकसतं आणि इलेक्ट्रॉन जरा घट्ट धरला जातो. इलेक्ट्रॉन सोडण्यात या गणात सगळ्यांत सैल हात सिझियमचा आहे, फ्रान्सियमचा नाही.